साठीनंतरची सायकल आणि बॅटरी: तुमचे अनुभव सांगा

पर्वतीपायथा

वय ६४, मुक्काम पुणे, सहकारनगर. कॉलेजला सायकल, नोकरीत स्कूटर, पन्नाशीत डॉक्टरांनी डोळे वटारल्यावर पुन्हा सायकल. गेली अकरा वर्षं आठवड्यातून तीन दिवस पहाटे खडकवासला गाठून परत येतो. यंदा पावसाळा संपल्यापासून धरणाच्या अलीकडच्या चढावर उजवा गुडघा कुरकुरतोय. मुलगा म्हणतो, बॅटरीची घ्या. बायको म्हणते, घेतलीत की पाय नुसते शोभेला राहतील आणि पोट सुटेल.

परवा दुकानात जाऊन एक चालवून पाहिली. पायडल अर्धं फिरलं आणि मागून कुणीतरी सीट धरून ढकलावं तसं झालं. लहानपणी तासावरची सायकल आणून शिकलो तेव्हा काका असंच ढकलायचे. फक्त काका सोडताना ओरडून सांगायचे.

ज्यांनी स्वतः चालवली आहे किंवा घरातल्या कुणाला दिली आहे, त्यांनी लिहा. घेऊन फायदा झाला की सवय मोडली? २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किमीची मर्यादा असेल तर लायसन्स, पासिंग लागत नाही हे माहीत आहे, त्यावर पानं भरू नका. जाहिरातीही नकोत.

बोगद्यावरची

सातारा, वय ६७, निवृत्त शिक्षिका. शाळेत सायकलनेच जायचे, साडी नेसून, चेनकव्हरवाल्या लेडीज सायकलवर. पुढे दोन्ही गुडघ्यांची झीज निघाली. सपाटीवर चालवत राहिले, पण यवतेश्वरचा घाट सुटला तो सुटलाच. नऊ वर्षं खालून बघत होते.

दोन वर्षांपूर्वी बॅटरीची घेतली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी घरी येऊन आधी सीटच दीड इंच वर केली. म्हणाल्या, निम्मं दुखणं इथे आहे. पायडल खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा, मी मात्र जमिनीला पूर्ण पाय टेकावा म्हणून सीट पार खाली ठेवली होती. दुसरं त्यांनी सांगितलं की गुडघ्यावर सगळ्यात जास्त जोर येतो तो थांबलेली सायकल हलवताना आणि चढावर. मोटर तिथे वापरा, सपाटीला बंद करा.

तिसऱ्या आठवड्यात यवतेश्वरला पोचले. देवळात गेले, चहा प्यायले, पाच जणींना फोन केले. मग उतरायला लागले आणि घाबरगुंडी उडाली. सायकल २४ किलोची, वर मी. दुसऱ्या वळणापर्यंत ब्रेक दाबून दाबून मनगटं भरून आली, बोटं उघडेनात. शेवटी उतरून हातात धरून चालत आले. चढायला मोटर होती, उतरायला मी एकटीच होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी मऊ चेंडू दाबते, आणि घाटात दर दुसऱ्या वळणाला थांबते. मोराचं पीस दिसलं असं सांगते बरोबरच्यांना.

गोदाकाठ७१

नाव बघून वय कळलंच असेल. माझं मत स्पष्ट आहे, बॅटरी ही काठी आहे. लागायच्या आधी हातात घेतली की ती सुटत नाही.

पर्वतीपायथा, तुमच्या सायकलला मागे कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, कोणती आहे? ११-२८ (सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्राचे दात) असेल तर बदलून ११-३४ टाका. तुमच्या डिरेल्युअरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला, एवढं मोठं चक्र झेपतं का ते मेकॅनिकला विचारा, नाहीतर तोही बदलावा लागेल. तरी खर्च बॅटरीच्या सायकलीपुढे किरकोळ. चढावर जोर लावून रेटायचं नाही, हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरवायचे. मी साठीनंतर दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या केल्या, साडेतेरा तासांच्या आत. तिथे मोटर चालत नाही. नाशिकहून पंढरपूरची सायकल वारीही स्वतःच्या पायांवर करतो.

मधलीबाजू

काका, वारीत मागे पडणाऱ्यांचं काय?

गोदाकाठ७१

टेम्पो असतो मागे.

कोपरीचा

ठाणे, ५९. अँजिओप्लास्टी होऊन तीन वर्षं झाली. माझ्यासारखे बरेच जण हा धागा वाचत असतील म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मनगटी घड्याळावर विसंबू नका. मला बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे. या गोळीने हृदयाचे ठोके मुळातच दाबलेले असतात. जीव मेटाकुटीला आला तरी घड्याळ ११० दाखवतं आणि माणूस समजतो की अजून वाव आहे. आमच्या डॉक्टरांनी सोपी खूण सांगितली: सायकल चालवताना बोलता यायला हवं, गाता येता कामा नये. मी रामरक्षा म्हणतो. एक श्लोक दोन श्वासांत होत असेल तर ठीक. मधे तीनदा थांबावं लागलं की असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, एक पायरी वर. शेवटपर्यंत सुरात म्हणता आली, तर एक पायरी खाली, म्हणजे मी फुकट बसलोय.

माझ्यासाठी मोटरचा उपयोग एवढाच की चढ आला म्हणून छातीवर एकदम ताण येत नाही. उड्डाणपूल काय, सपाट रस्ता काय, मेहनत साधारण सारखी राहते. आधी मी पूल टाळायला दोन किलोमीटर वळसा घालायचो, त्याही आधी सायकलच टाळायचो.

दुसरी गोष्ट, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हेल्मेटशिवाय सोसायटीच्या गेटबाहेरही पडू नका. किरकोळ पडलो, डोक्याला मार लागला, तरी घरी जाऊन हळद लावून बसायचं नाही, थेट दवाखाना. बॅटरी असो वा नसो.

आणि ते थ्रॉटल. अंगठ्याने दाबलं की पाय न हलवता चालते. मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकायला लावलं. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

रंकाळावेस

मी सायकल दुरुस्तीवाला, कोल्हापूर. वय ४८, पण गिऱ्हाईकं निम्मी साठीच्या पुढची, म्हणून लिहितोय. रस्त्यावरचा पंक्चरवाला बॅटरीची सायकल बघितली की हात वर करतो. मोटर मागच्या चाकात असते, वायर दिसते, तो भितो. परवा एक आजोबा पन्हाळ्याच्या वाटेवरनं चार किलोमीटर ढकलत आले. पंचवीस किलोचं धूड, उन्हातनं. मला वाईट वाटलं बगा.

चाक काढायची गरजच नसते. चाक जागेवर ठेवून टायरची एक बाजू रिमबाहेर घ्यायची, ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरून भोक शोधायचं, ठिगळ लावायचं, परत आत. पंक्चरवाल्याला एवढं सांगा, तो करतो. टायर बदलायचा असेल तरच चाक काढावं लागतं. तेव्हा नटाखालचा तो खाच असलेला वॉशर परत नीट बसवला का ते उभं राहून बघा. तो आसाला फिरू देत नाही. नाही बसवला तर मोटर जोर लावते, आस स्वतःभोवती फिरतो आणि वायर पिळून तुटते. मग मोठं काम.

आणखी एक. पावसाळाभर सायकल जिन्याखाली लावून ठेवता आणि दिवाळीला आणता, म्हणता बॅटरी गेली. रिकामी ठेवली म्हणून गेली. निम्म्याच्या वर चार्ज करून ठेवायची, महिन्यातनं एकदा बघायची.

ऊत्रेख्तकर

रंकाळावेस, वॉशरची माहिती सोन्यासारखी. इथे नेदरलँड्समध्ये बारा वर्षं आहे. इथे नवीन विकल्या जाणाऱ्या सायकलींतल्या साधारण निम्म्या बॅटरीच्या, आणि सुरुवात म्हाताऱ्यांनीच केली. कारण चढ नव्हे, वारा. समोरून वारा सुटला की सपाट देशातही घाट लागतो. शेजारच्या ७९ वर्षांच्या आजी भाजी, लायब्ररी, नातवंडं, सगळं सायकलवर करतात.

पण पडतातही. आणि बरेचदा वेगात नाही, चढता-उतरताना. म्हणून इथे डोरट्रापन नावाचा सरकारी उपक्रम आहे, अर्थ साधारण 'पायडल मारत राहा'. शंभरीपर्यंत सुरक्षित सायकल चालवा असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सल्ल्यात मोटरपेक्षा तोल, मान वळवून मागे बघणं, सीटची उंची हेच जास्त.

माझी आई ६८ वर्षांची, सांगलीत कॉलेजात असताना चालवलेली. इथे आली तेव्हा तिला मधला दांडा नसलेली, पाय सहज पलीकडे टाकता येईल अशी दिली. दोनच दिवसांत सिग्नलला पडली. थांबली होती, एक पाय जमिनीवर, दुसरा पायडलवर सहज टेकवलेला. त्या पायडलवर जरा भार पडला आणि सायकल आपणहून पुढे निघाली. त्या स्वस्तातल्या सायकलला पायडल फिरलं एवढंच कळायचं, किती जोराने ते नाही. मग टॉर्क सेन्सरवाली आणली, पायाचा दाब बघून तेवढीच मदत करणारी. त्याहून उपयोगी पडला तो नियम: थांबलं की ब्रेक दाबून ठेवायचा, सुटायच्या क्षणापर्यंत.

इथे सायकलला वेगळा रस्ता आहे, हे मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे तेच जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही.

धंतोली_लेक

मी चालवत नाही, बाबा चालवायचे. नागपूर, वय ७६. मीच घेऊन दिली त्यांना गेल्या वर्षी. इतके खूश होते की तेलंगखेडीपर्यंत जाऊन मला फोटो पाठवायचे.

मार्चमध्ये एका रिक्षाने उजवीकडून वळताना धडक दिली. कॉलरबोन मोडलं. रिक्षावाला वाईट माणूस नव्हता, हॉस्पिटलमध्ये रडत होता. तो सारखं एकच म्हणत होता, पांढरे केस दिसले, वाटलं आजोबा सावकाश येतायत, माझं वळून होईल. बाबा बावीस-तेवीसच्या वेगाने येत होते. साधी सायकल असती तर दहा-बारा. बाबांनाही ब्रेक लावायला जमलं नाही, ऐकायला कमी येतं, डावीकडे बघत होते.

हाड जुळलं. आता ते जुनी सायकल काढतात आणि धापा टाकत येतात. बॅटरीच्या सायकलीचा चार्जर माझ्या कपाटात आहे. हरवला म्हणून सांगितलंय. रोज सकाळी विचारतात, सापडला का गं?

कोपरीचा

ताई, बऱ्याच सायकलींत वेगाची वरची मर्यादा कमी करून ठेवता येते. पंधरावर लावा.

गोदाकाठ७१

वरचं सगळं वाचून काल रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो. आमच्या गटात एक मित्र होता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. चढावर मागे पडायला लागला. आम्ही थांबायचो, पण थांबायचो ते घड्याळ बघत. एक दिवस म्हणाला गुडघा दुखतो, पुढल्या रविवारी येतो. आला नाही. त्या वेळी मीच त्याला बॅटरी घेऊ नको म्हणालो होतो.

कॅसेटबद्दल लिहिलं ते बरोबरच आहे. काठीबद्दल जरा थांबतो.

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार. माझ्या सायकलला ११-२८च आहे, मेकॅनिककडे टाकली आहे. गुडघा दाखवायला गुरुवारची वेळ मिळालीय. तोवर मित्राची बॅटरीची आठ दिवसांसाठी आणली. पहिल्याच दिवशी सोसायटीच्या उतारावर बोगद्यावरच्या ताईंची आठवण झाली, मनगटं खरंच भरतात. धरणाच्या चढावर मात्र गुडघ्याने तोंड उघडलं नाही, आणि त्याने उघडलं नाही म्हणून मला प्रथमच कडेची वडाची झाडं मोजता आली. अकरा.

एक विचारायचं राहिलं, मागच्या चाकाच्या नटाला पाना कितीचा?

रंकाळावेस

बहुतेक १८चा. काहींना १९. जाताना दोन्ही ठेवा पिशवीत.

धंतोली_लेक

पंधराची मर्यादा कशी लावायची, कुणी सांगेल का? डिस्प्लेवर दोन बटणं आहेत, अधिक आणि उणे.

कोपरीचा

माझ्याकडे दोन्ही एकदम दाबून धरली की सेटिंग उघडतं. चालू करून फोटो टाका, बघू.