ब्लू जेज खरंच एवढे चांगले आहेत की नशिबावर चाललंय? अर्ध्या सीझनवर मत पाहिजे, रजेचा प्रश्न आहे

फोंडेकर_पहाटे:
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण टोरोंटोला असते, तिच्यामुळे मला बेसबॉलचं वेड लागलं. तिकडची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला, त्यामुळे वीज असली तर मी उठतोच, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आठव्या-नवव्या इनिंगला पोदेराचा (पाववाल्याचा) पोंपों ऐकू येतो. आता २०२५ चा ऑलस्टार ब्रेक (सीझनच्या मधली सुट्टी) लागलाय आणि आपले जेज, म्हणजे टोरोंटोची टीम ब्लू जेज, ५५ जिंकून ४१ हरलेत, डिव्हिजनमध्ये (पाच टीमच्या गटात) पहिले! गेल्या वर्षी हेच लोक ७४-८८ करून तळाला होते, म्हणून आनंद होतोय पण विश्वास बसत नाही.

प्रश्न असा की व्हिसा हातात आहे, बहीण म्हणते ऑक्टोबरमध्ये ये, प्लेऑफची मॅच एकत्र बघू. चवथीला आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, तिथे रजा जाणारच, मग उरतात फक्त सात. ही टीम ऑक्टोबरपर्यंत टिकेल असं तुम्हाला मनापासून वाटतं का? कुठे मजबूत, कुठे कच्ची, सांगा.

म्हापसा_लेफ्टी:
मी जरा थांब म्हणेन. जिंकलेल्या मॅच मोजण्याआधी केलेले रन आणि दिलेले रन बघ, आपल्या क्रिकेटमधल्या नेट रनरेटसारखंच समज. बेसबॉलचे आकडे मांडणाऱ्या बिल जेम्सचं सोपं सूत्र आहे, केलेल्या रनांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागायचं, म्हणजे टीमने साधारण किती टक्के मॅच जिंकायला हव्या होत्या ते कळतं. जेजचा फरक इतका थोडा आहे की सूत्राने पंचावन्न विजयांच्या जागी पन्नासच्या आसपास येतात. त्याच डिव्हिजनमधले न्यूयॉर्कचे यांकीज त्यांच्या मागे आहेत पण त्यांचा फरक जेजपेक्षा कितीतरी मोठा आहे, ही गोष्ट मला खरंच सतावते.

आणि हे आपल्याच टीमने एकदा उलट्या बाजूने दाखवलंय. २०१५ ला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जेज ५०-५१ होते, लोक नाराज, पण रनांचा फरक भरपूर चांगला होता. मग शॉर्टस्टॉप तुलोविट्स्की आणि पिचर डेव्हिड प्राइस आले आणि उरलेल्या ६१ पैकी ४३ जिंकून डिव्हिजन घेतली. तेव्हा आकडा खरं बोलत होता आणि टेबल खोटं. आता तसंच नसेल ना, एवढीच भीती.

बुलपेन_पणजी:
लेफ्टी, सूत्र बरोबर आहे पण तू पूर्ण ९६ मॅच एकाच पातेल्यात घातल्यास. मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हे लोक जिंकण्यापेक्षा हरतच जास्त होते, तेव्हाचे खड्डे अजून त्या फरकात आहेत. त्यानंतरची टीम वेगळीच आहे रे. ३० जून ते ३ जुलै यांकीजना घरी बोलावून चारही मॅच जिंकल्या, त्यातल्या कॅनडा डेच्या मॅचमध्ये स्प्रिंगरने एकट्याने सात रन आणले, एक ग्रँड स्लॅम (चार रनांचा होम रन) धरून! गेल्या वर्षी त्याचं संपलं असंच सगळे म्हणत होते. बिशेटही परत फॉर्मात आलाय.

मला यांची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) फारसे होत नाहीत, सगळ्या लीगमध्ये सगळ्यात कमी. बॉल सतत खेळात राहतो, समोरच्या फील्डरला प्रत्येक वेळी काहीतरी करावंच लागतं, कर्क आणि क्लेमेंट हे असे बॅटर आहेत की पिचर दमतो. ही गोष्ट महिन्याभरात संपणारी नव्हे, होम रनची लाट येते आणि जाते पण हे रोजचं आहे. फील्डिंगही फार चांगली, हिमेनेझला सेकंड बेसवर बघताना मन भरतं.

कच्चं कुठे, तर पिचिंग. गॉसमन आणि बॅसिटवर किती भार टाकणार? शर्झर वयाने चाळीसचा, अंगठ्यामुळे जवळजवळ तीन महिने बाहेर होता. एरिक लॉवर गेल्या वर्षी कोरियात खेळत होता, मायनर लीगच्या करारावर आला आणि आज रोटेशन (मॅच सुरू करणाऱ्या पिचरांची पाळी) सांभाळतोय, त्याचं मनापासून कौतुक वाटतं, पण सप्टेंबरपर्यंत तो टिकेल यावर मी टीम उभी करणार नाही. हॉफमनने मेमध्ये किती होम रन खाल्ले आठवा, क्लोजरच (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) डळमळला तर आठ इनिंगची मेहनत पाण्यात. आणि बॅटर सांतांदेरला पाच वर्षांचे सव्वानऊ कोटी डॉलर देऊन आणलं, तो खांदा धरून बाहेर बसलाय. ३१ जुलैला ट्रेड डेडलाइन (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) आहे, तिथे एक स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) आणि एक बुलपेनवाला (नंतर येणारा पिचर) आणला नाही तर मला वाईट वाटेल.

फोंडेकर_पहाटे:
दोघांचंही पटतंय, हीच अडचण आहे. लेफ्टी, डेडलाइनला पिचर आला तर तुझं मत बदलेल का?

म्हापसा_लेफ्टी:
हो, बदलेल. चांगला स्टार्टर आला तर दिलेले रन कमी होतील, फरक आपोआप वाढेल. आणि पणजीवाल्याचा मेनंतरचा मुद्दा मी मान्य करतो, जूनपासूनचा फरक वेगळा काढून बघायला हवा होता.

वाळपईची_मिसिसागात:
मी इथे टोरोंटोजवळ मिसिसागात राहते, माझं ऐक. फक्त ऑक्टोबरवर रजा लावू नको. नियमित सीझनची शेवटची सिरीज २६ ते २८ सप्टेंबर, टॅम्पाच्या टीमविरुद्ध, घरच्या मैदानावर, ती काहीही झालं तरी होणारच. २५ च्या रात्री निघ. २ ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आहे, म्हणजे ती सुट्टी फुकट. २६, २९, ३०, १, ३, ६, ७, झाले सात दिवस, शनिवार-रविवार धरून, परतीचा प्रवास मोजून, ७ तारखेपर्यंतची सोय होते.

आता यात टीमचा हिशेब असा बसतो की डिव्हिजन जिंकून लीगमधल्या पहिल्या दोघांत आले तर वाइल्ड कार्डची (प्लेऑफची पहिली) तीन मॅचची फेरी टळते, आणि पुढची फेरी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास इथेच सुरू होते. ती तुझ्या रजेत येते. पहिल्या दोघांत नाही आले तरी तू टॅम्पाच्या मॅच बघितलेल्या असशील, बहिणीबरोबर. विमानाचं तिकीट आत्ताच काढ, मॅचच्या तिकिटांसाठी ३१ जुलैपर्यंत थांबलास तरी चालेल.

फोंडेकर_पहाटे:
देव बरें करूं बाई! रजेचा अर्ज आजच टाकतो, बहिणीला अजून सांगितलं नाही, आज रात्री फोन करतो.