मदत हवी आहे: ओपन सोर्स प्रकल्पात एआयने लिहिलेल्या कोडसाठी नियम कसे ठरवावेत?

नमस्कार मंडळी,

कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा ओपन सोर्स प्रकल्प आम्ही तिघे सांभाळतो, नोकरी करून उरलेल्या वेळात. हल्ली येणाऱ्या बऱ्याच पुल रिक्वेस्ट (आमचा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या, असे प्रस्ताव) एआयकडून लिहून घेतलेल्या दिसतात आणि रिव्ह्यू करता करता जीव मेटाकुटीला येतो.

एक उदाहरण देतो. एकाने मजकूर 'स्वच्छ' करणारं फंक्शन पाठवलं. कोड नीटनेटका, कॉमेंट भरपूर, सोबत टेस्ट, त्याही सगळ्या पास. पण ते फंक्शन आधी अक्षरं सुटी करून मग नुक्ते (अक्षराखाली लागणारी टिंबं) काढून टाकत होतं. युनिकोडमध्ये ऱ सुटा केला की र आणि नुक्ता उरतो, तेव्हा नुक्ता गेला की सह्याद्रीतल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होणार! टेस्टमधल्या एकाही वाक्यात ऱ नव्हता. नुक्ते का काढले असं विचारलं, तर उत्तरही एआयचंच आलं: लांबलचक, अतिशय नम्र, आणि प्रश्नाला बगल देणारं. पाठवायला फार वेळ लागला नसेल. आमच्यातल्या एकाचा अख्खा रविवार गेला.

इतरांचे नियम वाचले. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची एक आवृत्ती असलेल्या जेंटूने एप्रिल २०२४ मध्ये एआयच्या कोडवर सरसकट बंदी घातली. कॉपीराइट, दर्जा आणि नैतिकता ही कारणं दिली. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या क्यूईएमयू प्रकल्पाने २०२५ मध्ये नकार दिला तो वेगळ्या, पाठवणाऱ्याच्या सहीच्या मुद्द्यावर. लिनक्सने २००४ मध्ये आणलेल्या 'डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन'नुसार, हा कोड या लायसन्सखाली द्यायचा मला हक्क आहे, असं पाठवणारा सही करून सांगतो. एआयच्या कोडबद्दल हे कोण छातीठोकपणे सांगणार? लिनक्सचीच दुसरी आवृत्ती असलेल्या फेडोराने मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये परवानगी दिली: एआय वापरलंत तर सांगा, आणि जबाबदारी सगळी तुमची.

मला बंदी पटत नाही, कारण ती मोडली हे सिद्ध कसं करणार? लिहिण्याच्या ढंगावरून ओळखायला गेलो, तर एखाद्या प्रामाणिक नवख्यावर आळ यायचा. आमच्याकडे कॉलेजातली बरीच मुलं येतात. इंग्रजीची भीती वाटते म्हणून पुल रिक्वेस्टचं वर्णन एआयकडून लिहून घेतात, कोड मात्र स्वतःचा असतो. त्यांना दार बंद करणं मला अन्यायाचं वाटतं. वर्णन मराठीत लिहा, मोडकंतोडकं चालेल, पण स्वतःच्या शब्दांत लिहा, असं सांगायचा विचार आहे. बदल का केला हे रिव्ह्यूत स्वतः समजावता आलं नाही, तर पुल रिक्वेस्ट चर्चा न करता बंद.

आता अडलंय ते इथे. एआयचा वापर जाहीर करायला लावलं की खरं सांगणाऱ्याचीच जास्त तपासणी होते, आणि लपवणारा सुटतो. हे तुम्ही कसं हाताळता? आम्हा तिघांसारख्या छोट्या चमूने ओरिजिनच्या सर्टिफिकेटवर सही मागावी का, की त्याने नवीन मुलं बिचकतील? शिवाय 'चर्चा न करता बंद' हे वाक्य नियमांत कसं लिहावं, म्हणजे ते उर्मट वाटणार नाही?

कोणी मेन्टेनर (असा प्रकल्प सांभाळणारे) असाल आणि तुमच्या रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडसाठ्यात, असे नियम असतील, तर त्यातला मजकूर इथे डकवा. पुढच्या रिलीजआधी आमची नियमांची फाइल टाकायची आहे.