पुरोहिताला ग्रीन कार्ड आधी आणि अभियंत्याला नंतर : अमेरिकेचा ‘विशेष स्थलांतरित’ वर्ग न्याय्य आहे का?

गिरणाकाठ, चाळीसगाव (धागाकर्ता)

माझा भाचा जळगावात अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत गेला. नोकरीवर आधारित दुसऱ्या वर्गातील, म्हणजे ईबी-२ मधील, त्याचा अर्ज २०१६ चा आहे. आणि भारतीयांची ही रांग २०२५ सालभर २०१२-१३ च्या अर्जांपाशीच घुटमळत राहिली. त्याच्याच शहरातील मंदिरात आमच्या तालुक्यातील एक पुरोहित २०१७ मध्ये रुजू झाले आणि चार वर्षांत ग्रीन कार्डधारक झाले. त्यांच्याविषयी मला आकस नाही. माझ्या बहिणीच्या घराची वास्तुशांत त्यांनीच केली होती. परंतु ज्या देशाच्या राज्यघटनेने शासनाला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली आहे, त्या देशाने धर्मकार्य करणाऱ्यांसाठी ‘विशेष स्थलांतरित’ वर्गातून कायम वास्तव्याची स्वतंत्र वाट का ठेवावी, हे मला उमगत नाही. ही वाट बंद करून त्या जागा रांगेत तिष्ठणाऱ्यांना द्याव्यात, असे माझे मत आहे.

जंक्शनवाला, भुसावळ

गिरणाकाठ, आपली तळमळ समजते, पण हिशेब चुकतो आहे. नोकरीवर आधारित वर्गांसाठी वर्षाला सुमारे १,४०,००० व्हिसे असतात. त्यांतील २८.६ टक्के ईबी-२ ला मिळतात, तर विशेष स्थलांतरितांच्या चौथ्या वर्गाला, म्हणजे ईबी-४ ला, केवळ ७.१ टक्के, म्हणजे साधारण ९,९४०. त्यातही अर्जदाराची पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले मोजली जातात. आपल्या भाच्याची वाट पुरोहिताने अडवलेली नाही, ती प्रत्येक देशाला लावलेल्या सात टक्क्यांच्या मर्यादेने अडवली आहे. कापूस खरेदी केंद्रावर एका गावाला दिवसाला सातच टोकन मिळत असतील आणि त्या गावातून तीनशे गाड्या आल्या असतील, तर शेजारच्या काट्यावर मका मोजणाऱ्यावर रागावून काय उपयोग?

गिरणाकाठ, चाळीसगाव

उपमा चांगली आहे, पण काटे पूर्णपणे वेगळे नाहीत. चौथ्या वर्गातील न वापरलेले व्हिसे कायद्यानुसार पहिल्या वर्गाकडे जातात आणि तेथून उरले तर दुसऱ्याकडे झिरपतात.

जंक्शनवाला, भुसावळ

ते खरे आहे. पण झिरपायला आधी काही उरावे लागते. अमेरिकेचे आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपते आणि २०२५ मध्ये चौथ्या वर्गाचे सारे व्हिसे फेब्रुवारीतच संपले होते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा

आपण दोघेही पुरोहितावरच अडकून पडला आहात, म्हणून थोडे वेगळे मांडतो. या वर्गात केवळ धर्मसेवक नाहीत. आई-वडिलांपैकी एकाने वा दोघांनी छळलेली, टाकून दिलेली किंवा हेळसांड केलेली जी मुले अमेरिकेतील राज्य न्यायालयाच्या संरक्षणाखाली आली आहेत, तीही याच कोट्यात आहेत, आणि आंतरराष्ट्रीय संस्थांतून निवृत्त झालेले काही कर्मचारीसुद्धा. (अमेरिकी सैन्यासाठी काम केलेल्या अफगाण दुभाष्यांची मुख्य योजना वेगळी असून तिला स्वतःचे व्हिसे आहेत.) या बालकांच्या अर्जांची संख्या वाढत गेली आणि २०२३ मध्ये देशनिहाय रांगांचा हिशेब बदलल्यावर ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्व्हादोरचे अर्जदार इतरांच्याच रांगेत आले. आता टाकलेले मूल आणि मंदिराचा पुजारी एकाच रांगेत परस्परांची वाट अडवून उभे आहेत. माझा आक्षेप ‘विशेष’ या शब्दाला नाही. विशेष म्हणून निवडायचे आणि मग सगळ्यांना एकाच गोणीत भरायचे, याला आहे.

वकिलीण बाई, जळगाव

धर्माचा मुद्दा धागाकर्त्यांनी फारच सैल मांडला आहे. ही वाट कोणत्याही एका धर्माची नाही. अर्जदार किमान दोन वर्षे त्या संप्रदायाचा सदस्य असावा लागतो, तितकाच काळ त्याने सलग धर्मकार्य केलेले असावे लागते, आठवड्याला सरासरी पस्तीस तासांचे सवेतन काम असावे लागते, आणि अधिकारी प्रत्यक्ष मंदिरात जाऊन पाहणीही करतात. झाडलोट, कारकुनी किंवा वर्गणी गोळा करणे यांना धर्मकार्य मानले जात नाही. आमच्या ओळखीतील एका मुलाला एका दलालाने ‘दोन वर्षांचा पुजारी’ असल्याचा दाखला करून देतो असे सांगितले होते. मुलाला सत्यनारायणाची पोथीसुद्धा धड वाचता येत नव्हती. त्याने तो दाखला नाकारला, हे त्याचे भाग्य.

शिवाय आपण तरी कोठे वेगळे आहोत? जळगावात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी, पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबे आहेत. २०१९ च्या आपल्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तीन देश, सहा धर्म आणि ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख नेमून दिली आहे. त्याला ज्यांचा पाठिंबा आहे, त्यांनी धर्माचे नाव दिसताच अमेरिकेवर आक्षेप घेऊ नये; ज्यांचा विरोध आहे, त्यांनी अवश्य घ्यावा.

गिरणाकाठ, चाळीसगाव

हिशेबाचा मुद्दा मला मान्य आहे आणि भाच्याची तक्रार मी सात टक्क्यांकडे वळवतो. वकिलीण बाईंची तुलना मात्र पटत नाही. छळामुळे आलेल्याला आसरा देणे वेगळे आणि मंदिराला मनुष्यबळ पुरवणे वेगळे. त्यासाठी आर-१ हा धर्मसेवकांचा तात्पुरता व्हिसा आहेच. मुलांना स्वतंत्र कोटा द्यावा आणि पुरोहितांनी त्या व्हिसावर जाऊन परत यावे.

जंक्शनवाला, भुसावळ

मुलांच्या स्वतंत्र कोट्याला माझी पूर्ण संमती आहे. पण आर-१ ची कमाल मुदत पाच वर्षे आहे आणि त्या काळात जोडीदाराला नोकरी करता येत नाही. पाच वर्षांत मुले तिकडच्या शाळेत रुळतात, यजमानांच्या घरी बारशापासून श्राद्धापर्यंत याच पुरोहिताला बोलावणे जाते, आणि मग त्याला सामान बांधायला सांगायचे. आपल्या भाच्याला कोणी असे सांगितले असते, तर हाच धागा आपण कोणत्या शीर्षकाने काढला असता?