कौलं बदलू, की नुसती शाकारणी बास?

पुण्यातला खानापूरकर
घर बेळगावजवळच्या जांबोटीच्या अलीकडं. आजोबांनी 1968 ला बांधलेलं, मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, किंदळाच्या लाकडाचे वासे. दर मे महिन्यात शाकारणी होते, म्हणजे कौलं उतरवून परत नीट बसवतात, तरी यंदा जुन्या चुलीवर गळायलंय. आईनं खाली पातेलं ठेवलंय आणि फोनवर मला त्याचा आवाज ऐकवते. मिस्त्री म्हणतोय पत्रा मारा, चुलतभाऊ म्हणतोय स्लॅब घाला. ठरवायचं कशावरून?

जुना सुतार
गळतंय तिथंच फुटलंय असं नसतंय. पाणी रिपेवरनं, म्हणजे कौलाखालच्या लाकडी पट्टीवरनं, घसरत येऊन भलतीकडंच टपकतंय. कौल उतरून बोटानं वाजवा. खणखणलं तर ठेवा, बद्द वाजलं तर टाका. शंका असेल तर सुकं कौल वजन करा, दिवसभर पाण्यात बुडवून परत करा. पाचव्या हिश्शाहून जास्त भरलं तर ते पाणी पितंय.
पण कौलाचं काय, ते चार बदलता येतात. छप्पर जातंय ते लाकडानं. वासा भिंतीवर टेकतो तिथं स्क्रू-ड्रायव्हर टोचा. लोण्यात गेल्यासारखा गेला तर वासा संपला. मग अंगणात लांब उभं राहून आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड बघा, मधे बसलंय काय. आणि एक विचारतो, चूल कधी बंद केली? धूर होता तोवर किडा लागत नव्हता. गॅस आला आणि आमच्याकडं माजघराआधी स्वयंपाकघराचीच लाकडं गेली.

शहापूरची वहिनी
आम्ही पत्रा घातला. माकडांचा त्रास संपला, हे खरं. पण जूनमध्ये टीव्ही ऐकू येत नाही आणि एप्रिलच्या दुपारी आत बसवत नाही.
स्लॅब म्हणणाऱ्या चुलतभावाला सांगा, चार इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला 250 किलो. कौलं 40 च्या आसपास. मातीच्या भिंतीवर हे ओझं चढवायचं म्हणजे आधी घरच नवं बांधा.

पुण्यातला खानापूरकर
शनिवारी जाऊन आलो. चूल बंद होऊन नऊ वर्षं झाली, आई म्हणाली. तिथले पाच वासे मऊ लागले, एकात तर भुगाच. बाकीचे टणक, आढं सरळ. कौलं बहुतेक खणखणीत. म्हणजे तेवढाच भाग उतरवायचा ना? मिस्त्री रुसलाय. मेपर्यंत थांबू?

जुना सुतार
मे कशाला? पाच वाशांना आजच टेकू द्या, आईला त्याखाली बसू देऊ नका. पाऊस ओसरला की दसऱ्यानंतर उतरवा. नवा वासा भिंतीत जातो ते टोक आधी डांबरात बुडवा, आणि तुमची जुनी कौलं मिस्त्रीला फुकट नेऊ देऊ नका.