सोसायटीच्या आरोग्य शिबिराचं संमतीपत्र: एका सहीत सगळं बसतं का?

मुलुंडचा_सेक्रेटरी

मुलुंड पूर्वेला आमची ८४ फ्लॅटची सोसायटी. पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी ७ ते १० कॉमन हॉलमध्ये रक्ततपासणी शिबिर घ्यायचं ठरतंय, साधारण १५० माणसं धरून. लॅबने पॅकेज दिलंय: साखर, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), थायरॉइड, लिव्हर, किडनी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). त्यावर 'शिबिराची भेट' म्हणून पुरुषांना पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी), बायकांना सीए-१२५ (बीजकोषाच्या कर्करोगासाठी) आणि सगळ्यांना एचआयव्ही व हेपटायटिस बी फुकट.

फॉर्मवर नाव, वय, मोबाइल आणि तळाशी बारीक इंग्रजीत एकच वाक्य आहे. त्याचा अर्थ असा: वरील सर्व व पुढे आवश्यक वाटतील त्या तपासण्यांना माझी संमती असून अहवाल आयोजकांना देण्यास हरकत नाही. खाली सही.

कार्यकारिणीत यावरून बराच खल झाला. कुणाला पॅकेजमधली एखादीच तपासणी नको असेल तर ती वगळता येते का? घरातल्या कर्त्याने सगळ्यांच्या वतीने सही केली तर चालते का? रिपोर्ट लॅब मला एकगठ्ठा पाठवणार, मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकू की घरोघरी देऊ? शिवाय एकजण ओळखीने पोर्टेबल सोनोग्राफी मशीन आणायचं म्हणतायत. जाणकारांनी सांगावं.

पिवळी_नळी

लॅबच्या बाजूने लिहितो. आधी नळ्यांचं गणित बघा, म्हणजे फॉर्ममध्ये काय हवं ते आपोआप कळेल.

तुमच्या पॅकेजला तीन नळ्या लागतील. राखाडी झाकणाची साखरेला, जांभळी सीबीसी आणि एचबीए१सीला, पिवळी बाकी सगळ्याला. लिपिड, थायरॉइड, लिव्हर, किडनी, पीएसए, सीए-१२५, एचआयव्ही, हेपटायटिस बी, सगळं त्या एका पिवळ्या नळीतल्या सीरमवर (रक्त गोठल्यावर वेगळं होणाऱ्या पाण्यावर) होतं. सुई एकदाच टोचते. त्यामुळे देणाऱ्याला हातावरून कळायला मार्गच नाही की आपल्या रक्तावर आठ तपासण्या झाल्या की अठरा.

आता वगळण्याबद्दल. वगळता येतं, पण फॉर्मवर पेनने काट मारून ते होत नाही. नळीवर बारकोड चिकटतो, मशीन बारकोड वाचतं आणि त्या नंबरावर संगणकात जे कोड चढवलेत ते सगळं चालवतं. 'शिबिर पॅकेज' हा एकच कोड चढवला असेल तर कागदावरची काट टेबलाखालच्या डब्यात राहते आणि पीएसए होऊन जातो. म्हणून लॅबला आत्ताच सांगा: मूळ पॅकेजचा एक कोड, आणि जास्तीची प्रत्येक तपासणी वेगळ्या कोडने. नोंदणीला बसलेल्या मुलाने फॉर्मवरच्या खुणा बघून कोड चढवायचे, बारकोडचं स्टिकर त्यानंतरच छापायचं. छापलेलं स्टिकर आधीच फॉर्मला लावून आणलं असेल तर समजा की कोड चढलेले आहेत.

दुसरं, उरलेलं सीरम लॅब काही दिवस फ्रिजमध्ये ठेवते. डॉक्टरने मागितलं तर त्यावरच आणखी तपासणी लावता येते. सोय चांगली आहे, पण तुमच्या फॉर्ममधल्या 'पुढे आवश्यक वाटतील त्या' या शब्दांनी ते दार सताड उघडं राहतं. ते शब्द काढा आणि लिहा: 'उरलेल्या नमुन्यावर मला विचारल्याशिवाय दुसरी कोणतीही तपासणी करू नये.'

फॉर्म तीन दिवस आधी घरी वाटा. सकाळी सात वाजता उपाशीपोटी रांगेत उभा असलेला माणूस फॉर्म वाचत नाही, सही कुठे करायची तेवढं विचारतो. त्याचं अर्धं लक्ष तुमच्या उपम्याच्या पातेल्याकडे असतं.

किल्लाकोर्ट

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कायद्याचं तेवढं सांगतो.

एचआयव्ही या शिबिरातून काढूनच टाका. २०१७चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्यानुसार या तपासणीला त्या व्यक्तीची माहितीपूर्ण संमती लागते, आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशनही. कोर्टाचा आदेश, रक्तपेढीतली रक्ताची तपासणी अशा मोजक्या जागी सूट आहे. सोसायटीचं शिबिर त्यात बसत नाही. कॉमन हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून १५० जणांचं समुपदेशन तुम्ही करणार नाही, मग 'भेट' तरी कशाला? ज्याला करायची आहे त्याला पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात ती मोफत आणि गुप्त होते. फॉर्मच्या मागे १०९७ हा हेल्पलाइन नंबर छापा, पुरे.

कर्त्याची सही फक्त १८ वर्षांखालच्या मुलांसाठी. नवऱ्याची बायकोसाठी नाही, मुलाची सत्तरीच्या आईसाठीही नाही. आई शुद्धीत आहे, तिला कळतंय, मग सही तिची. अंगठा असेल तर मजकूर तिच्या भाषेत वाचून दाखवल्याची एक ओळ आणि साक्षीदाराची सही.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८मध्ये हेच ठरवलं. ४४ वर्षांच्या रुग्णेने निदानासाठी लॅपरोस्कोपीला (पोटात दुर्बीण घालून बघण्याला) संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोष काढले. न्यायालय म्हणालं, जिवावर बेतलेलं नव्हतं, रुग्ण सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. निदानाची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि आईची संमती इथे उपयोगाची नाही. संमती घेण्याआधी काय सांगायचं तेही निकालात आहे: काय करणार, कशासाठी, फायदा काय, पर्याय काय, मोठे धोके कोणते, नाही म्हटलं तर काय होईल. रक्ततपासणीला एवढं पुराण लागत नाही, पण चौकट हीच.

सोनोग्राफीचा विषय कार्यकारिणीच्या इतिवृत्तात घ्या आणि 'नामंजूर' लिहा. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली मशीन नोंदणी झालेल्या केंद्राशी बांधलेलं असतं. ते उचलून सोसायटीच्या हॉलमध्ये आणणं म्हणजे मशीनवाला आणि आयोजक दोघेही गोत्यात. पोट बघायचंय की किडनी, हा प्रश्नच येत नाही.

रिपोर्ट ग्रुपवर? अजिबात नाही. तुमच्याकडे एकगठ्ठाही नकोत. लॅबने थेट त्या त्या व्यक्तीला द्यावेत.

लालबागचा_कार्यकर्ता

सगळं बरोबर असेल, पण मंडळाच्या शिबिरात तीन तासांत तीनशे माणसं येतात. एवढे कागद पुढे केलेत तर अर्धे 'कोर्टकचेरी आहे का?' म्हणत परत जातील. ज्याची साखर तिथे पहिल्यांदा सापडली असती, तो पण त्यातच गेला. तोंडी विचारा, सही घ्या, पुढे चला.

पिवळी_नळी

@लालबागचा_कार्यकर्ता, साखर-लिपिडला तोंडीच विचारा, माझी हरकत नाही. बाही वर करून हात पुढे केला यातच बरंचसं आलं. खुणेचा चौकोन फक्त जास्तीच्या तपासण्यांना. १५० माणसं, माणशी दीड मिनिट, तीन स्वयंसेवक: सव्वा तासाचं काम. रांग तुंबते ती रक्त काढायच्या टेबलावर, फॉर्मच्या नाही.

ओपीडी_परळ

सीए-१२५ आणि पीएसए फुकट आहेत म्हणून घ्या असं कुणी म्हणत असेल तर त्याला पुढचा खर्च विचारा.

सीए-१२५ची वरची मर्यादा ३५ धरतात. पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार), फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठी), गरोदरपणात, पोटाच्या टीबीतही तो वर जातो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं चाचणी झाली. २०२१मध्ये आलेल्या निष्कर्षात बीजकोषाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे कमी झालेले दिसले नाहीत. त्रास नसलेल्या बाईला ही तपासणी 'भेट' देणं म्हणजे सोनोग्राफी, एमआरआय आणि महिनाभराची झोपमोड भेट देणं. माझं मत, काढून टाका.

पीएसए वेगळा. तो सरसकट वाईट नाही, पण तिथे निवड माणसाची आहे आणि ती आकडे ऐकून करावी. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८मध्ये मांडलेला हिशोब: ५५ ते ६९ वयाच्या १००० पुरुषांची १३ वर्षं तपासणी केली तर साधारण २४० जणांचा पीएसए वाढलेला निघतो, १०० जणांत कर्करोग सापडतो, ८० जण शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन घेतात. त्यातल्या ५० जणांना ताठरतेचा आणि १५ जणांना लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास होतो. मृत्यू टळतो एक-दोघांचा. आपल्याकडे हा कर्करोग अमेरिकेपेक्षा कमी आढळतो, त्यामुळे हे आकडे इथे जसेच्या तसे लावू नका, प्रमाणाचा अंदाज घ्या. कुणी म्हणेल, 'त्या एकात मी असेन तर?' तोही रास्त निर्णय. सत्तरीपुढे मात्र करू नका असंच ते कार्यदल सांगतं.

करायचाच असेल तर दोन दिवस आधीपासून वीर्यस्खलन आणि लांबवर सायकल टाळायची, लघवीचा संसर्ग होऊन सहा आठवडे गेलेले हवेत. आणि एक गोष्ट हमखास सुटते: प्रोस्टेटसाठी किंवा केसांसाठी फिनास्टेराइड चालू असेल तर काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो, म्हणजे रिपोर्टातला ३ हा खरा ६ असू शकतो. फॉर्मवर चालू गोळ्यांची ओळ हवीच.

हेपटायटिस बी ठेवायचा तर स्वतंत्र चौकोनाने. 'पॉझिटिव्ह' शब्द इमारतीत फिरला तर घरकामाच्या बाई ते शेजारी सगळे भांडी वेगळी करतात. तो जेवणातून पसरत नाही, हे कुणी विचारत नाही.

एक साधं गणित फॉर्मच्या मागे छापा. निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात ती 'नॉर्मल' मर्यादा. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जायची शक्यता ६४ टक्के. ठळक अक्षरातला आकडा बघून सोमवारी सकाळी दवाखान्यात गर्दी होते ती यामुळे.

त्यापेक्षा हॉलच्या कोपऱ्यात बीपीचं टेबल लावा. पाच मिनिटं शांत बसवून, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या पातळीला, बोलणं बंद, दोन वेळा मोजायचं. तंबाखू-मिश्रीवाल्यांचं तोंड टॉर्चने बघायला एखादा डेंटिस्ट बसवा. आणि पन्नाशीपुढच्या बायकांना स्तनतपासणीचं जरूर सांगा. टाटा मेमोरियलने मुंबईतल्याच वस्त्यांमध्ये १९९८पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला, प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायचं. पन्नाशीपुढच्यांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, त्याखालच्या वयात तसा फरक दिसला नाही. फक्त हे पडद्याआडच्या खोलीत, स्त्री तपासनीसाकडून. हॉलमध्ये नाही.

मुलुंडचा_सेक्रेटरी

आभार. एचआयव्ही, सीए-१२५ आणि सोनोग्राफी काढली. मसुदा असा:

'मूळ पॅकेजमधील तपासण्या मला वाचून समजल्या आहेत. जास्तीच्या तपासण्या: पीएसए हवी / नको. हेपटायटिस बी हवी / नको. नको म्हटल्याने मूळ पॅकेज किंवा त्याचा दर बदलणार नाही. उरलेल्या नमुन्यावर मला विचारल्याशिवाय दुसरी तपासणी करू नये. रक्त काढेपर्यंत मी कधीही नाही म्हणू शकतो / शकते. चालू गोळ्या: ____. रिपोर्ट फक्त या मोबाइलवर: ____.'

किल्लाकोर्ट

चांगला आहे. 'रक्त काढेपर्यंत' ऐवजी 'तपासणी होईपर्यंत' करा. रक्त दिल्यावर घरी जाऊन मन बदललं तर दुपारी लॅबला फोन करून कोड काढता आला पाहिजे. तो फोन नंबर फाडून देता येईल अशा पट्टीवर छापा.

पिवळी_नळी

मोबाइलच्या रकान्यात एक गोम आहे. आजी-आजोबा मुलाचा नंबर देतात, सून सासूचा फॉर्म भरताना स्वतःचाच टाकते. मग लिंकही तिकडे, ओटीपीही तिकडे. नंबरापुढे 'हा फोन मीच वापरतो / वापरते' असा चौकोन ठेवा. तिथे खूण नसेल तर रिपोर्ट बंद पाकिटात, फ्लॅटच्या नाही, माणसाच्या नावाने. पाकीट वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू नका.

आणि एक ओळ वाढवा: 'आकडा धोकादायक आला तर लॅबने मला त्याच दिवशी फोन करावा: हो / नाही.' साखर ४५० निघाली किंवा हिमोग्लोबिन ५ निघालं तर पीडीएफची वाट बघण्यात अर्थ नसतो. रविवारी संध्याकाळी हा फोन करायला लॅबमध्ये कोण बसणार आहे, त्याचं नाव आत्ताच विचारून ठेवा.