सुनेच्या बाळंतपणासाठी जर्मनीला जाताना

प्रश्न (मालवण तालुका)
माझा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात जर्मनीत असतात. सुनेला नोव्हेंबरअखेरची तारीख दिली आहे, त्यामुळे भातकापणी आणि झोडणी उरकली की मी तिच्या बाळंतपणासाठी जाणार आहे. घर आणि गुरे यजमान सांभाळतील. घरचे तूप, डिंकाचे लाडू, सोडे, आमसुले, नारळ यांतले काय नेता येईल, आणि न्हाणी-माखणी, शेकशेगडी, धुरी हे तिथल्या घरात कितपत जमते, हे जाणकारांनी सांगावे. सून भिडस्त आहे, विचारले तर ‘तुम्ही या फक्त’ एवढेच म्हणते.

उत्तर (रत्नागिरी)
ताई, बाहेरून युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे तूप घरीच ठेवावे आणि तुपातले लाडू वळून नेण्याऐवजी डिंक, आळीव, खारीक पाकीटबंद नेऊन लाडू तिथेच वळावेत. लोणी तिथे उत्तम मिळते, ते कढवले की झाले. मासळीला मात्र स्वतःपुरती २० किलोपर्यंत सवलत आहे आणि तीत कोळंबीही येते, तेव्हा सोडे खुशाल न्यावेत. ताज्या फळांना रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते, पण नारळ, केळी, अननस आणि खजूर यांना ते लागत नाही. सुके खोबरे तेलकट असल्यामुळे पेट घेते, म्हणून ते चेक-इनच्या सामानात चालत नाही. आमसुले वाळलेली असल्याने अडचण येऊ नये, फक्त पाणी सुटणार नाही अशी बांधावीत.

उत्तर (मूळची वेंगुर्ल्याची, सध्या जर्मनीत)
काकू, इथे बाळंतिणीकडे प्रशिक्षित सुईण घरी येते. पहिले १० दिवस ती रोज येऊ शकते, पुढेही १२ आठवड्यांपर्यंत लागेल तशी येते, आणि खर्च आरोग्य विमा उचलतो. ती बाळाचे वजन करते, बेंबी पाहते, आईचे टाके पाहते, आणि तिचा शब्द तुमच्या सुनेसाठी शेवटचा असेल. रोज न्हाऊ घालायची गरज नाही, असे ती बहुधा सांगेल. खोबरेल तेलाने हलक्या हाताने माखायला सहसा कोणाची हरकत नसते, ते तुम्ही जरूर करा. मधाचे बोट मात्र वर्षभर लावू नका, कारण मधातल्या जिवाणूंचे बीज तान्ह्याच्या आतड्यात रुजून विषबाधा होऊ शकते. गुटीचा आग्रहही सोडावा. बाळाला उताणे, स्वतंत्र पाळण्यात, गोधडीऐवजी झोपायच्या पिशवीत निजवतात, आणि खोली आपल्याला गारठा वाटेल इतकी थंड ठेवतात. हे पाहून जीव कळवळेल, पण अंगावर पांघरूण टाकायला उठू नका.

शेगडी आणि धुरी दोन्ही विसरा. झोपायच्या खोल्यांत धूर ओळखणारा भोंगा कायद्यानेच बसवलेला असतो, आणि बंद खिडक्यांच्या घरात निखाऱ्यांचा विषारी वायू साचला तर जिवावर बेतते. बाळंतिणीला गरम पाण्याची पिशवी पुरते. सोडे भाजायचे असतील तेव्हा खिडकी उघडावी. माझ्या शेजारणीने एकदा काही जळाले का म्हणून दार वाजवले होते!

प्रश्नकर्ती
आपण दोघांनी नेमके सांगितलेत, आभारी आहे. व्हिसा नव्वद दिवसांचा आहे, तर तारखेच्या किती आधी जावे?

उत्तर (गुहागर)
ताई, नियम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा आहे आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात मोजतात, म्हणून महिनाभर आधी जाऊन दिवस वाया घालवू नका. प्रवासी विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो मुलाने पूर्ण मुक्कामाचा काढला आहे ना, हे पाहावे. आम्ही उभयता लेकीकडे राहून आलो त्यावरून सांगतो, आठवडाभर आधी पोहोचावे, आणि तो आठवडा नातीला द्यावा. तान्ह्याभोवती आई, बाप, सुईण सगळे असतात. थोरलीला बालवाडीतून कोण आणणार, हा खरा प्रश्न असतो. मुलाने तुमचे नाव बालवाडीत लेखी दिल्याशिवाय मूल तुमच्या हाती देणार नाहीत, शिवाय पहिल्यांदा पासपोर्टही दाखवावा लागेल. डिसेंबरात तिथे चार-साडेचारलाच अंधारते, तेव्हा वाट एकदा मुलाबरोबर दिवसाउजेडी चालून घ्यावी. यजमानांना फोन नातीला आणल्यावर करावा. तिथे चार वाजले की आपल्याकडे साडेआठ झालेले असतात आणि गुरांचे आटोपून ते मोकळे असतील.