मदत हवी आहे: जवळपास सगळ्याच मुलांना झोपेचा विकार निघतोय! (तातडीचे)

पीएचडीत_अडकलेली
सोमवारी प्री-सबमिशन (प्रबंध जमा करण्याआधीचं सादरीकरण) आहे म्हणून थेट विचारते. कोल्हापूर शहरातल्या शाळकरी मुलांच्या झोपेच्या विकारांवर काम करतेय. पालकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीचा डेटा एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला आणि जवळपास सगळी मुलं कट-ऑफच्या (ज्या गुणांपासून त्रास धरतात त्या आकड्याच्या) वर! गाईड म्हणतात, "धक्कादायक निष्कर्ष आहे, छान पेपर होईल." मला पटत नाहीये. कट-ऑफ किती वाढवला तर चालतो? फक्त आकडा सांगा, सल्ले नकोत.

रंकाळ्याचा_वारा
मोबाईल. विषय संपला. रात्री अकराला रंकाळ्यावर भेळ खाणारी पोरं सकाळी उठणार कशी?

स्केलवाला
प्रश्नावली कुठली? मुलांचं वय? भरली कुणी, पालकांनी की मुलांनी?

आजीचा_बटवा
दुधात जायफळ उगाळून द्या. आमच्या घरात तीन पिढ्या झोपल्या.

पीएचडीत_अडकलेली
सीएसएचक्यू, म्हणजे मुलांच्या झोपेच्या सवयींची प्रश्नावली. दुसरी कुठली असणार? पालकांनी भरलीय. मराठी भाषांतर मीच केलं.

स्केलवाला
दुसऱ्या आहेत की. ब्रुनींची १९९६ ची २६ प्रश्नांची आहे, चेर्विनची घोरण्या-श्वासावरची आहे. वय अजून सांगितलं नाहीत.

पीएचडीत_अडकलेली
पहिली ते सातवी!!

स्केलवाला
सीएसएचक्यू ज्युडिथ ओवेन्सनी २००० साली ४ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिली. सहावी-सातवी आधी बाजूला काढा.

कान_नाक_घसा
प्रश्नावलीवरून 'विकार' म्हणूच नका. स्लीप लॅबमध्ये रात्रभर तपासणी केल्याशिवाय श्वास अडतोय का हे कळत नाही. मोठ्यांत श्वास तासाला पाचदा अडेपर्यंत चालवून घेतात, मुलांत एकच्या वर गेलं तरी लक्ष द्यावं लागतं. टॉन्सिल, ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) बघितलेत का?

स्केलवाला
डॉक्टर, अख्ख्या शाळेला लॅबमध्ये झोपवायचं का? ही चाळणी आहे, निदान नव्हे. तेवढं लिहिलं की झालं.

कान_नाक_घसा
मग शीर्षकातला 'विकार' काढा. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या पोराला 'हट्टी' म्हणून माझ्याकडे आणतात, म्हणून सांगतोय.

पेठेतला
ताई, सकाळच्या शाळंचं धरलंय का न्हाई? चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवायच्या न्हाईत असं सरकारनं २०२४ ला काढलंय. त्याच्या आधीचा डेटा आन् नंतरचा एकात घातलासा तर खिचडी हुईल. आन् आमच्या तालमीतलं पोरगं पहाटं चारला उठतंय, ते बी विकारात धरलंय व्हय?

दोन_पोरांचा_बाप
धाग्यात घुसतोय, माफ करा. धाकटा झोपून तास-दीड तास झाला की किंचाळत उठून बसतो, डोळे उघडे, पण ओळखत नाही. सकाळी काही आठवत नाही. सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली.

आजीचा_बटवा
जायफळ.

कान_नाक_घसा
जायफळ जास्त झालं तर विषारी असतं हो, लहान मुलांना सांगत सुटू नका. बाप, हे 'नाइट टेरर' वाटतंय. रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत होतं. वाईट स्वप्नं उत्तररात्री पडतात आणि ती आठवतात. हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं बघा. घोरत असेल तर मात्र दाखवा.

पीएचडीत_अडकलेली
माझं कुणी सांगणार आहे का?

स्केलवाला
सांगतो. सीएसएचक्यूत ३३ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ३ गुण, त्रास जास्त तर गुण जास्त. सगळं आलबेल असलेल्या मुलाचे ३३ होतात, कट-ऑफ ४१. आता आईच्या कुशीत झोपणारं पोर घ्या. 'स्वतःच्या अंथरुणात एकटं झोपतं' उलटं मोजायचं, म्हणजे ३. 'आईबाबांच्या अंथरुणात झोपतं' ३. 'झोप लागायला कुणीतरी खोलीत लागतं' ३. 'एकटं झोपायला भितं' ३. चार प्रश्नांत आठ गुण चढले, झाले ४१! बाकी झोप कितीही छान असो. अमेरिकेतल्या वेगळ्या खोलीत झोपणाऱ्या मुलांवर बसवलेला आकडा आहे तो. बरं, एकूण बेरीज कशी केलीत?

पीएचडीत_अडकलेली
आठ उपविभागांच्या बेरजा मिळवून. का?

स्केलवाला
तिथंच गंडलात. मी सांगितलेल्या चारांतले शेवटचे दोन प्रश्न 'झोपायला विरोध' आणि 'झोपेची भीती' अशा दोन्ही उपविभागांत येतात. एकूणात एकदाच धरायचे. तुमच्या ४१ वाल्या पोराचे ४७ झाले असणार.

रंकाळ्याचा_वारा
म्हणजे मोबाईल नाही?

पेठेतला
आमच्यात तर पाचजण एका सतरंजीवर झोपत्यात. 'स्वतःचं अंथरूण' म्हंजे कंचं?

पीएचडीत_अडकलेली
आत्ता बेरीज दुरुस्त केली, सहावी-सातवी काढली. बरीच मुलं खाली आली, पण निम्म्याहून जास्त अजून वरच आहेत. ते चार प्रश्न वगळून बघितलं तर चालेल का?

स्केलवाला
वगळलेत तर ४१ लागू होत नाही. उपविभाग वेगवेगळे दाखवा, ते चार प्रश्न स्वतंत्र तक्त्यात टाका. कट-ऑफ मनाने वाढवू नका, परीक्षक पहिलं तेच धरतील.

पीएचडीत_अडकलेली
आणि गाईडना काय सांगू? त्यांनी पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवलंय.

आजीचा_बटवा
त्यांनाच द्या जायफळ.